आधी काढलेल्या मीटरचा फोटो दाखवा, मग बिल मागा

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
आमच्या भागाला वीज पुरवणारी वितरण कंपनी,
विभागीय कार्यालय.

विषय : जुनं मीटर काढताना लिहिलेलं शेवटचं रीडिंग, त्यावरून आलेलं 18,570 रुपयांचं लाईट बिल, आणि वाडीतल्या इतर घरांच्या तक्रारी.

महोदय,

या मजकुराचा अर्ज आपल्या कार्यालयात रीतसर दिलेला आहे. त्यावर आवकचा शिक्का पडला आणि त्यापुढे तो सरकला नाही. म्हणून आता तेच उघड लिहिते आहे. आपल्यासाठी तर लिहितेच, पण ज्यांच्या घरी असंच बिल येऊन पडलं आहे आणि जे मुकाट भरायला निघाले आहेत, त्यांच्यासाठीही.

मी देवगड तालुक्यात समुद्राकडच्या एका वाडीत राहते. वाडीतल्या निम्म्याहून जास्त घरांना वर्षातले दहा महिने कुलूप असतं. मंडळी मुंबईला. गणपतीला येतात, शिमग्याला जमलं तर येतात, मे महिन्यात पोरांना घेऊन येतात. बाकीच्या दिवसांत त्या घरांच्या चाव्या माझ्या पडवीतल्या खुंट्यांवर. देवाजवळ दिवा लावणं, पावसाआधी कौलं बघून घेणं, वाळवी लागली का बघणं आणि लाईट बिलाचा फोटो काढून ज्याचं त्याला पाठवणं, ही कामं माझ्याकडे. त्यामुळे बिल कसं वाचायचं हे मला कुणी शिकवायला नको. चालू रीडिंग, मागील रीडिंग, गुणक अवयव, युनिट, समायोजित युनिट, एकूण. आणि दर महिन्याच्या एक तारखेला प्रत्येक घराच्या मीटरचा आकडा वहीत उतरवायची माझी जुनी सवय आहे. बिलावरून मुंबईच्या माणसाशी वाद नको, एवढ्यासाठी ती लागली. आता तिचा उपयोग आपल्याशी बोलताना होतो आहे.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ठेकेदाराची माणसं मीटर बदलायला आली. पोरं चांगली होती. पाणी मागून प्यायली, झटपट नवं मीटर बसवलं, जुनं पोत्यात टाकलं आणि पुढच्या घरी गेली. जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग किती लिहिलं हे मला दाखवलं नाही. मीटर बदलल्याच्या अहवालावर माझी सही घेतली नाही, त्याची प्रतही दिली नाही. मोबाईलवर काहीतरी भरलं, एवढं मी पाहिलं.

पुढच्या महिन्यात बिल आलं. आमच्याकडे महिन्याला 80-90 युनिट पडतात, सातशे-साडेसातशेच्या घरात बिल येतं. हे आलं 1,146 युनिटांचं, 18,570 रुपयांचं. आमच्या आबांनी चष्मा पुसून ते परत वाचलं आणि विचारलं, "ह्यां बिल आमच्या एकट्याचां, की सगळ्या वाडीचां?"

आता हिशेब बघा. बिलात नव्या मीटरची युनिटं आहेत 114. मे महिना, लेक-जावई आलेले, पंखे दिवसभर फिरत होते. ती मला मान्य आहेत. उरलेली 1,032 युनिटं 'समायोजित' म्हणून जुन्या मीटरवरची दाखवली आहेत. जुन्या मीटरचं त्याआधीच्या बिलावरचं रीडिंग होतं 7,389. मीटर काढताना लिहिलेलं रीडिंग, आपल्या कार्यालयाने खिडकीतून तोंडी सांगितलेलं, 8,421.

माझ्या वहीत 1 मेचा आकडा आहे 7,412. म्हणजे त्याच आठवड्यात मीटर निघेपर्यंत आमच्या घराने 1,009 युनिटं जाळली, असं आपलं म्हणणं होतं. खिडकीवर मला सांगण्यात आलं, "काकी, मे महिना आहे, पाहुणे आले असतील." साहेब, माझा मंजूर भार, म्हणजे एका वेळी ओढायची परवानगी असलेली वीज, 2 किलोवॅट. 2 किलोवॅट रात्रंदिवस, एक मिनिटही न थांबता, पूर्ण आठवडाभर चालवले तर होतात 336 युनिटं. हजार युनिटांसाठी त्याच्या तिप्पट वीज त्या जुन्या सर्व्हिस वायरमधून ओढावी लागेल. तेवढे पाहुणे माझ्याकडे कधी आलेच नाहीत, आणि आले असते तरी त्यांना लावायला तेवढे पंखे नाहीत.

8,421 ऐवजी 7,421 असतं, तर सगळं जागेवर बसतं. जुन्या मीटरची 32, नव्याची 114, एकूण 146. आलेल्या बिलात आणि यात बरोबर एक हजार युनिटांचा फरक आहे. सातचा आठ झाला असावा, असा माझा अंदाज आहे. अंदाजच म्हणते, कारण पुरावा माझ्याकडे नाही, तो आपल्याकडे आहे. मीटर काढताना त्याचा फोटो काढला असेल तर तो दाखवा. काढलेलं मीटर कुठल्या गोदामात पडलं असेल तर ते बाहेर काढा आणि दोघांनी मिळून आकडा वाचू. एवढीच गोष्ट मी मागते आहे, आणि एवढ्याच गोष्टीला उत्तर मिळत नाही. उत्तर मिळतं ते हे : "सिस्टीममध्ये जे आहे ते आहे. आधी भरा, मग अर्ज करा, पुढच्या बिलात वळते होतील."

मला राग आहे तो या 'आधी भरा'चा. मासळी बाजारात पापलेट मोजणारी बाई काटा आपल्याकडे वळवून दाखवते, मग पैसे मागते. आपण काटा पोत्यात घालून घेऊन गेलात.

नवं मीटर, म्हणजे रीडिंग आपोआप दूरवर पाठवणारं स्मार्ट मीटर, वाईट आहे, असं मी म्हणत नाही. वाडीत ज्याला त्याला 'स्मार्ट मीटर पळतं' असं वाटतं, आणि व्हॉट्सॲपवर त्याचे व्हिडिओही फिरतात. मी जेवढं समजून घेतलं आहे त्यावरून ही मीटरं भारतीय मानक 16444 प्रमाणे बनतात आणि त्यांची अचूकता 1 टक्क्याच्या वर्गातली असते. शेकड्यामागे एखाद्या युनिटाची चूक मी सोडून देईन. माझी तक्रार शंभराच्या जागी हजार झाल्याची आहे, आणि ते मीटरने केलेलं नाही. ते आकडा भरणाऱ्या हाताने केलं आहे, आणि तो न तपासणाऱ्या कार्यालयाने.

वाडीतल्या एका घराची गोष्ट मुद्दाम सांगते, कारण तिथे मीटर बरोबर निघालं. दोन भावांचं घर. पंचवीसेक वर्षांपूर्वी वाटण्या झाल्या, माजघरात चिऱ्याची भिंत घातली, दोन चुली झाल्या, दोन मीटरं आली. घराच्या वाटण्या झाल्या, वायरिंगच्या झाल्या नाहीत. न्यूट्रलची, म्हणजे प्रवाह परत नेणारी, तार दोघांची एकच राहिली. जुनी चाकाची मीटरं फक्त फेजवरचा, म्हणजे घरात येणाऱ्या तारेवरचा, प्रवाह मोजायची, म्हणून ते कधी कळलं नाही. आताची मीटरं फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडचा प्रवाह बघतात आणि जास्त असेल तो धरतात. थोरल्याच्या घरात पंप चालू झाला की परतीचा प्रवाह धाकट्याच्या न्यूट्रलमधून जायचा, आणि धाकट्याचं मीटर तेही मोजायचं. धाकट्याचं बिल दुप्पट झालं. भाऊ भावाकडे संशयाने बघायला लागला. देवगडहून एक खाजगी इलेक्ट्रिशियन आणला, त्याने टाँग टेस्टर, म्हणजे तारेतला प्रवाह मोजायचा चिमटा, लावून चहा होईस्तोवर दोष शोधून काढला. न्यूट्रल वेगळी केली, पुढचं बिल जाग्यावर आलं.

कोकणात अशी वाटणीची घरं गावोगाव आहेत. मीटर बदलताना ही तपासणी आपल्या माणसाने केली असती, निदान 'अशा घरांत असं होऊ शकतं' हे एका कागदावर छापून दिलं असतं, तर त्या भावांमधला दोन महिन्यांचा अबोला टळला असता. त्यांना आपल्याकडून मिळालेलं लेखी उत्तर एका ओळीचं होतं : वापर जास्त आहे.

आता माझ्या जावेचं बिल. तिचं घर खाली व्हाळाजवळ, म्हणजे ओढ्याजवळ. तिथे माणसाच्या फोनला रेंज यायची तर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळावर, चढून जावं लागतं. मीटरला ती कुठून मिळावी? पण मीटर तर बसवलं, आणि रीडिंग आपोआप येणार म्हणून रीडिंग घेणारा मुलगा यायचा बंद झाला. तीन महिने नुसत्या स्थिर आकाराची, म्हणजे वीज वापरा न वापरा लागणाऱ्या रकमेची, बिलं आली. ती दर वेळी मला विचारायची, "गे, ह्यां बिल इतक्यां कमी कसां?" चौथ्या महिन्यात कुणीतरी येऊन रीडिंग घेऊन गेलं आणि एकदम 400 युनिटांचं बिल आलं, एकाच महिन्याचं म्हणून.

ही 400 युनिटं तिने वापरली आहेत. पण चार महिन्यांत, महिन्याला शंभर. आपल्या दराच्या पायऱ्या आहेत : 100 पर्यंत एक दर, 101 ते 300 दुसरा, 301 ते 500 तिसरा, त्यापुढे चौथा. 2024-25 च्या दरपत्रकात हे दर 4.71, 10.29, 14.55 आणि 16.64 रुपये होते. त्या दरांनी दरमहा 100 युनिटांचा चार महिन्यांचा नुसता वीज आकार होतो 1,884 रुपये. तीच 400 युनिटं एका महिन्यात धरली तर 3,984. युनिटं तीच, घर तेच, पंखा तोच. वीज वाहून आणण्याचा वहन आकार आणि 16 टक्के वीज शुल्क त्यावर आणखी. त्यानंतर दराचे आकडे बदलले, पायऱ्या तशाच आहेत. रेंज मिळाली नाही ती आपल्या मीटरला, आणि वरच्या पायरीवर चढवली माझ्या जावेला. जितक्या महिन्यांचं रीडिंग तितक्या महिन्यांत युनिटं वाटून आकारणी करायची, हे आपल्या कार्यालयात सगळ्यांना माहीत आहे. मी सांगितल्यावर करूनही दिली. पण न सांगता का नाही? जिला हे माहीत नाही तिने दुप्पट भरायचं?

बंद घरांची तऱ्हा याच्या उलट. माझ्याकडे चावी असलेल्या एका घराचं मेन स्विच गणपतीपासून बंद आहे, मी स्वतःच्या हाताने केलेलं. मेमध्येही कुणी आलं नव्हतं. तरी नवं मीटर बसल्यापासून 'सरासरी' म्हणून दरमहा युनिटं लागत आहेत. सरासरी कशाची? गेल्या वर्षी त्यांच्याकडे लग्न होतं त्या महिन्यांची. मीटरवर आकडा आहे, मी त्याचा फोटो पाठवायला तयार आहे, घर रस्त्याला लागून आहे, आणि मीटर बाहेरच्या खांबावर आहे. तरी बिलावर शेरा येतो 'रीडिंग उपलब्ध नाही'.

यातून घबराट किती झाली आहे, याची आपल्याला कल्पना असेल असं वाटत नाही. 2021 मध्ये केंद्राने सुधारित वितरण क्षेत्र योजना आणली आणि देशभर 25 कोटी स्मार्ट प्रीपेड मीटरं बसवायचं ठरलं, तेव्हापासून 'आधी रिचार्ज, मग लाईट' ही धास्ती आहे. जून 2024 मध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही असं जाहीर केलं. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. मग 'टीओडी मीटर', म्हणजे दिवसाच्या वेळेप्रमाणे वापर मोजणारं मीटर, या नावाने मीटरं आली. हे तेच की वेगळं? याच्यात पैसे आधी भरायचे की नंतर? ग्रामसभेत हा प्रश्न निघाला तेव्हा उत्तर द्यायला आपल्याकडून कुणीही हजर नव्हतं. बिल नेहमीसारखं महिन्याच्या शेवटीच येणार, हे आम्ही आमच्या अनुभवाने शिकलो.

या मीटरचा एक फायदा आहे, तोसुद्धा आपण नीट सांगितला नाही. सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या घरगुती वापराला युनिटमागे 80 पैसे ते 1 रुपया सवलत आहे. मला कळल्यापासून मी विहिरीचा पंप आणि वाटण-दळण दिवसाच उरकते. शेजारणीला मी सांगेपर्यंत पत्ता नव्हता. जाहिरातीचे फलक तालुक्याच्या ठिकाणी लागले, आमच्या वाडीत एक चिठोराही आला नाही.

आणि ते मेसेज. 'बिल न भरल्यास आपला वीजपुरवठा खंडित करण्यात येईल' असा मेसेज आपल्याकडूनही येतो आणि चोरांकडूनही येतो. चोरांच्या मेसेजमध्ये आज रात्री साडेनऊला लाईट जाईल असं असतं आणि खाली एक मोबाईल नंबर असतो. आमच्या गावातल्या एका निवृत्त माणसाने तसल्या नंबरवर फोन केला आणि खात्यातली रक्कम घालवून बसला. ज्याच्या हातात आधीच अठरा हजारांचं बिल आहे, तो असल्या मेसेजला लवकर फसतो.

तोडण्याचा विषय निघालाच आहे तर कायदाही बोलू. विद्युत अधिनियम, 2003 मधल्या कलम 56 प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची तर किमान 15 पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. त्याच कलमात पुढे असंही आहे की बिलाबद्दल वाद असेल आणि ग्राहकाने निषेध नोंदवून मागितलेली रक्कम, किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. म्हणजे 'आधी सगळं भरा' हे आपल्या खिडकीवरचं वाक्य कायद्यात नाही. ते कुणी आणि कधी सुरू केलं हे मला माहीत नाही, पण ते आता बंद व्हायला हवं. या कलमाचा अर्ज लिहून मी माझ्या सहा महिन्यांच्या सरासरीची रक्कम घेऊन आले, तेव्हा काउंटरवरच्या मुलीने ती घ्यायला नकार दिला. तिला दोष देत नाही. तिच्या संगणकावर बिलाची अर्धी रक्कम घ्यायचीच सोय नसेल, तर ती काय करणार?

दुसरा नियम तर ताजा आहे. केंद्राच्या वीजग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी 2024 मध्ये दुरुस्ती झाली. मीटरचं रीडिंग प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही अशी ग्राहकाने तक्रार केली, तर पाच दिवसांच्या आत जोडीला दुसरं मीटर लावून किमान तीन महिने वापर पडताळून बघायचा. त्याआधी 2023 च्या दुरुस्तीत असं आलं की स्मार्ट मीटरचं रीडिंग दिवसातून निदान एकदा दूरवरून घ्यायचं आणि ती माहिती ग्राहकाला द्यायची. धाकट्या भावाने तक्रार केली तेव्हा जोडीचं मीटर लागलं नाही. माझ्या जावेला रोजचं सोडा, तीन महिन्यांचं रीडिंग मिळालं नाही. ॲप घ्या म्हणतात. ॲपला नोंदवलेला मोबाईल नंबर लागतो. बंद घरांचे नंबर मुंबईत, म्हाताऱ्यांचे नंबर त्यांच्या मुलांच्या नावावर, आणि ओटीपी यायला परत तो सडा चढायचा.

आपली माणसं काम करत नाहीत, असा याचा अर्थ कुणी काढू नये. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्याकडे खांब आडवे झाले होते, तारा आंब्याच्या कलमांवर लोंबत होत्या. तेव्हा पावसात खांबावर चढणारा आमचा वायरमन मी पाहिलेला आहे, त्याला भाकरी-कालवण आमच्याच घरचं गेलं आहे. आजही आमच्या बाजूने कुणी बोलत असेल तर तोच. "काकी, आकडा चुकलाय, पण माझ्या हातात दुरुस्ती नाय," हे तो उघड सांगतो. ज्याच्या हातात दुरुस्ती आहे, तो माणूस वाडीत येत नाही. दुखणं तिथे आहे.

म्हणून माझ्या मागण्या :

1. माझ्या जुन्या मीटरच्या शेवटच्या रीडिंगचा फोटो आणि मीटर बदलल्याचा अहवाल मला दाखवावा. फोटो नसेल तर मीटर माझ्यासमोर वाचावं. दोन्ही नसेल तर माझ्या वहीतला आकडा धरून बिल दुरुस्त करावं, कारण मग दोघांपैकी लेखी नोंद फक्त माझ्याकडे उरते.

2. यापुढे जुनं मीटर काढताना घरच्या माणसासमोर, किंवा घर बंद असेल तर शेजाऱ्यासमोर, रीडिंगचा फोटो काढावा, सही घ्यावी, प्रत द्यावी. आणि काढलेली मीटरं नव्या मीटरची निदान तीन बिलं सुरळीत होईपर्यंत मोडीत घालू नयेत. ठेकेदाराला मीटरमागे पैसे मिळत असतील तर ते ही प्रत जमा केल्यावरच द्यावेत. मग बघा, प्रत कशी मिळत नाही ती.

3. ज्या वाड्यांत रेंज नाही त्यांची यादी करावी. ती करायला सर्वेक्षण नको, वायरमनला विचारा. तिथे रेंजची सोय होईपर्यंत दर महिन्याला माणूस पाठवून रीडिंग घ्यावं. ग्राहकाने मीटरचा फोटो पाठवला तर तो ग्राह्य धरावा.

4. साठलेल्या रीडिंगचं बिल महिन्यांत वाटूनच काढावं, ग्राहकाने मागण्याची वाट बघू नये. गेल्या वर्षभरात अशी जी बिलं एकाच महिन्यात काढली गेली, ती आपणहून दुरुस्त करावीत.

5. कलम 56 प्रमाणे सरासरीची रक्कम घ्यायची सोय प्रत्येक काउंटरवर करावी आणि तशी पाटी मराठीत लावावी.

6. गणपतीच्या आधी ग्रामपंचायतीत एक दिवस बसा. चाकरमानी येतील तेव्हा त्यांच्याही हातात ही बिलं असतील. येताना बिल दुरुस्त करायचा अधिकार असलेला माणूस आणि टाँग टेस्टर असलेला एक माणूस आणा. नुसता अर्ज घेणारा आणू नका. अर्ज आमचे दिलेले आहेत.

निर्णय झाला नाही तर मी ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाईन, तिथे समाधान झालं नाही तर विद्युत लोकपालांकडे. त्यासाठी वकील लागत नाही, हेही वाडीतल्या लोकांना मी सांगितलं आहे. पण सातचा आठ झाला का हे बघायला लोकपालांपर्यंत जावं लागू नये, अशी माझी इच्छा आहे. एका गोदामात जाऊन एक मीटर बघायचं काम आहे.

कलम 56 च्या अर्जासोबत सहा महिन्यांच्या सरासरीची रक्कम मी पुन्हा घेऊन येणार आहे. ती स्वीकारून पावती द्यावी. नाकारायची असेल तर नाकारल्याचं कारण सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावं.

कळावे,

आपली,
एक वीजग्राहक आणि काही बंद घरांची चावीदार,
देवगड तालुका, जिल्हा सिंधुदुर्ग.

ता. क. हा मजकूर वाचणाऱ्या ग्राहकांसाठी : अजून तुमचं मीटर बदललं नसेल तर आजच त्याचा फोटो काढून ठेवा, आकडा आणि मीटरचा नंबर दोन्ही दिसतील असा. बदलायला माणसं आली की जुन्या आणि नव्या दोन्ही मीटरचा काढा. नवं मीटर बसलं असेल आणि बिलाचा संशय असेल तर घरातलं मेन स्विच बंद करून मीटरवरचा लाल दिवा बघा. लुकलुकायचा थांबला तर घरातला वापर तपासा. मेन बंद असूनही लुकलुकत असेल, तर न्यूट्रल कुणाशी जोडलेली आहे ते जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. स्वतः मीटरला हात लावू नका. अर्ज देताना दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का व तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.